कुंपणाची भूक : रहस्यकथेतील लाचखाऊ पोलीस
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्यासपीठावर उभे राहून चोर, दरोडेखोर आणि त्यांच्याकडून हप्ते खाणारे पोलीस यांच्याविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना औचित्याला सोडून वाटण्याचा संभव आहे. या व्याख्यानमालेतील इतर वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठेशाहीचा इतिहास असे भारदस्त विषय निवडले आहेत. माझा बचाव एवढाच की, महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही मराठी ग्रंथालयात जावे, ज्या कपाटातील पुस्तकांच्या शिवणी सर्वांत आधी उसवलेल्या असतात ते कपाट रहस्यकथांचे असते. घरापासून हजार मैलांवर नोकरी करणाऱ्या माणसाला रात्री जेवणानंतर मराठी अक्षर वाचण्याची गोडी ज्या वाङ्मयाने टिकवून दिली, त्याच्याविषयी पन्नास वर्षांत एक संध्याकाळ बोलायला हरकत नसावी.

त्यातही आजचा विषय त्या वाङ्मयाच्या एका कोपऱ्यापुरता आहे. गुन्हेगारीच्या कथांत कायद्याचा रखवालदारच जेव्हा खलनायक असतो, तेव्हा त्याचा नाश कशाने होतो? मी वाचलेल्या आणि पाहिलेल्या अशा कथांतून बहुधा एकच उत्तर मिळते : त्याच्या लोभाने. हे उत्तर इतके ठरीव का झाले आणि ते कितपत खरे आहे, याचा थोडा विचार आपणांपुढे मांडावा असा मानस आहे.

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, ही आपली म्हण सर्वांना ठाऊक आहे. लोकव्यवहारात ती हताशपणे उच्चारली जाते. कथालेखकाच्या दृष्टीने मात्र ती एक कारागिरीची अडचण आहे. साध्या रहस्यकथेत गुन्हेगार बाहेर असतो आणि कायदा आत. पुरावा सापडला की खेळ संपला. पण गुन्हेगार जर स्वतःच ठाण्याच्या खुर्चीवर बसलेला असेल, तर पंचनामा तोच लिहिणार, मुद्देमालाच्या कोठडीची किल्ली त्याच्याच कमरेला, आणि साक्षीदार जबानी द्यायला येणार तोही त्याच्याच पुढ्यात. अशा माणसाला पकडायचे कोणी? प्रामाणिक सहकारी आणावा, तर तो हाताखालचा असतो. वर्तमानपत्राचा बातमीदार आणावा, तर त्याच्याजवळ कागद नसतो. ईश्वरी न्यायावर सोडावे, तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. तेव्हा चतुर लेखकांनी शत्रू त्या अधिकाऱ्याच्याच खिशात ठेवला.

येथे लोभाला केवळ पाप म्हणून शिक्षा झाली, असे समजून चालणार नाही. तशी कीर्तनातली कथा आणि गुन्ह्याची कथा यांत फरक आहे. लाचखाऊ अधिकाऱ्याची सुरक्षितता त्याच्या समाधानी वृत्तीत असते. ठरलेला हप्ता ठरलेल्या तारखेला घेणारा फौजदार वर्षानुवर्षे सुखाने नांदतो, कारण देणारा, घेणारा आणि पाहणारा अशा सर्वांना त्या व्यवहाराची सवय झालेली असते. त्याला अधिक हवे झाले की काहीतरी नवे करावे लागते. नवे करायचे म्हणजे नवा भागीदार आला, आणि भागीदार आला म्हणजे साक्षीदार आला. पहिल्या साक्षीदाराचे तोंड बंद करताना दुसरा तयार होतो. वर्दीचे कवच जुन्या व्यवहारापुरतेच मापून शिवलेले असते; वाढत्या अंगाला ते पुरत नाही. चांगल्या लेखकाच्या हाती लोभ हा उपदेशाचा विषय न राहता कथानक पुढे ढकलणारे यंत्र होतो तो असा.

या यंत्राचा मूळ नमुना कोणा लेखकाने कल्पिलेला नाही. तो लंडनमध्ये होऊन गेला आणि १७२५ साली फासावर गेला. त्याचे नाव जोनाथन वाइल्ड. त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या तीनशे वर्षांतले असे सारे खलनायक कमीअधिक त्याचेच वंशज आहेत.

अठराव्या शतकाच्या आरंभी लंडन शहरात आज ज्याला आपण पोलीस खाते म्हणतो तसे काही नव्हते. रात्री फिरणारे म्हातारे पहारेकरी आणि पेठापेठांतले बिनपगारी शिपाई, एवढाच बंदोबस्त. सरकारने त्यावर तोड काढली ती बक्षिसाची. वाटमाऱ्याला पकडून त्याचा गुन्हा शाबीत करून देणाऱ्याला ४० पौंड मिळत. साध्या कामकऱ्याला कित्येक महिने राबूनही इतकी रक्कम दिसत नसे. साहजिकच चोर पकडणे हाच धंदा करणारी माणसे निर्माण झाली. वाइल्ड त्यांतला सर्वांत हुशार. त्याने रीतसर कचेरी थाटली. ज्याची चोरी झाली असेल त्याने तेथे जावे, नोंदवहीत वस्तूचे वर्णन लिहवावे, आणि थोड्या दिवसांनी वाइल्डसाहेबांच्या खटपटीने वस्तू परत मिळाल्याबद्दल खुशीने काही द्यावे. वस्तू परत मिळे, कारण ती चोरणारी टोळी वाइल्डचीच असे. चोरीचा माल तो स्वतःच्या हाताला लागू देत नसे, ही त्याची खरी अक्कल. टोळीतला कोणी डोईजड झाला, की त्याला पकडून न्यायालयापुढे उभे करायचे, ४० पौंड घ्यायचे आणि वर लोकांचे धन्यवादही घ्यायचे. ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडचा ‘चोरपकड्यांचा सरसेनापती’ अशा अर्थाची पदवी त्याने आपली आपण धारण केली होती, आणि बरीच वर्षे कोणी ती नाकारली नाही.

१७१८ साली पार्लमेंटने कायदा केला, त्यात एक कलम जणू त्याच्यासाठीच घातले. चोराला न पकडता चोरीची वस्तू परत मिळवून देण्याबद्दल जो मोबदला घेईल, त्याला चोराइतकेच अपराधी धरावे. लोक त्या कायद्याला वाइल्डच्याच नावाने ओळखू लागले. शहाणा माणूस येथे थांबला असता. गडगंज कमाई झाली होती, नाव झाले होते, बक्षिसाचे ४० पौंड तर कायदेशीरच होते. वाइल्डने रीत थोडी बदलली, पण धंदा सोडला नाही.

फेब्रुवारी १७२५ मध्ये, एका साथीदाराला पळून जाण्यास मदत केल्याच्या आरोपावरून, त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले. पुढची गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने लिहिली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते. जानेवारीत एका वृद्ध दुकानदारणीच्या दुकानातून लेसची पेटी चोरीला गेली होती. त्या चोरीमागे वाइल्डच होता. ती बाई आपली लेस मिळवून द्या म्हणून त्याच्याकडे आली होती. आता हा गृहस्थ तुरुंगात आहे, खटल्याची टांगती तलवार आहे, शत्रू पुरावे गोळा करीत आहेत. आणि अशा स्थितीत, त्याच तुरुंगात बसून, त्याने लेस परत देवविली आणि बाईकडून १० गिनी घेतल्या. मे महिन्यात खटला उभा राहिला. लेस चोरल्याच्या आरोपातून तो सुटला, कारण चोरीच्या वेळी तो दुकानात शिरलेला नव्हता. पण १० गिनी घेतल्याचा आरोप शाबीत झाला, आणि २४ मे १७२५ रोजी त्याला टायबर्न येथे फाशी देण्यात आले. ज्याने आयुष्यात हजारो पौंड हाताळले, तो दहा गिनींसाठी मेला.

त्या दहा गिनी त्याने का घेतल्या असतील, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. त्याला त्यांची गरज नव्हती. मला वाटते, न घेणे त्याला सुचलेच नाही. समोर वस्तू आहे, बाई रडत आहे, आणि देवाणघेवाणीची रीत ठरलेली आहे; हात आपोआप पुढे झाला. लोभ हा शब्द आपण हव्यासाच्या अर्थाने वापरतो, पण म्हातारपणी तो नुसती खोड होऊन बसतो, हे वाइल्डकडे पाहिले की कळते.

साहित्याने त्याला लगेच उचलले. १७२८ मध्ये जॉन गे याने ‘बेगर्स ऑपेरा’ या संगीत नाटकात वाइल्डवरून पीचम हे पात्र बेतले. १७४३ मध्ये हेन्री फील्डिंगने वाइल्डच्याच नावाने उपरोधिक कादंबरी लिहिली. तीत त्याने चोरांच्या सेनापतीला वारंवार ‘थोर पुरुष’ म्हटले, आणि त्या काळच्या वाचकांना हा टोला मुख्य प्रधान वॉलपोलला आहे हे समजायला वेळ लागला नाही. हाच फील्डिंग काही वर्षांनी बो स्ट्रीटचा न्यायाधीश झाला आणि त्याने चोर पकडणाऱ्या प्रामाणिक माणसांचे लहानसे पथक उभारले, ही त्या कथेची पुरवणी. गेच्या नाटकावरून दोनशे वर्षांनी, १९२८ साली, ब्रेख्तने जर्मन भाषेत ‘तीन पैशांचा ऑपेरा’ रचला. त्यात टायगर ब्राऊन नावाचा पोलीसप्रमुख दरोडेखोराचा जुना दोस्त असतो. आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी तेच नाटक ‘तीन पैशाचा तमाशा’ या रूपाने मराठीत आणले. ज्यांनी तो प्रयोग पाहिला असेल त्यांनी, नकळत का होईना, न्यूगेटच्या त्या कैद्याच्या पणतवंडांना टाळ्या दिल्या आहेत.

आपल्या देशात असे काही नव्हतेच, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी जो प्रवेश येतो त्याची आठवण करून देतो. माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडलेला कोळी, त्याचे हात बांधून त्याला हाणीत नेणारे दोन रक्षक, आणि त्यांचा वरिष्ठ, राजाचा मेहुणा. या रक्षकांचे हात त्या गरिबाला ठार मारण्यासाठी शिवशिवत असतात. इतक्यात राजाकडून अंगठीच्या किमतीएवढे बक्षीस येते, कोळी त्यातले अर्धे या रक्षकांपुढे ठेवतो, आणि क्षणात तो सर्वांचा जिवलग मित्र होऊन सगळी मंडळी मद्याच्या दुकानाकडे वळतात. कालिदासाने येथे कोणाला शिक्षा केली नाही. हसून त्याने पुढचा प्रवेश सुरू केला. या हसण्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

आता अमेरिकेकडे वळू, कारण या प्रकारच्या कथेचे खरे पीक तेथे आले. १९२० ते १९३३ या काळात त्या देशात दारूबंदी होती. ज्या वस्तूवर लोकांचे प्रेम आहे आणि जी विकणे हा गुन्हा आहे, अशा वस्तूभोवती किती पैसा फिरतो आणि तो कोणाच्या खिशातून जातो, हे त्या तेरा वर्षांत तेथील शहरांनी पाहिले. डॅशिएल हॅमेट हा पूर्वी पिंकर्टनच्या खाजगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. त्याच्या १९२९ सालच्या ‘रेड हार्वेस्ट’मध्ये एका खाणगावचा पोलीसप्रमुख गावातल्या टोळ्यांपैकीच एका टोळीचा नायक असल्यासारखा वागतो. इंग्लंडातल्या रहस्यकथेत तोवर पोलीस मंदबुद्धीचा असे. अमेरिकेत तो विकाऊ झाला.

या वर्गातील लेखकांत मला विल्यम मॅक्गिव्हर्न विशेष वाटतो. तो फिलाडेल्फियात वर्तमानपत्राचा गुन्हेवार्ताहर होता, त्यामुळे ठाण्यातली बाके, तेथली चहाकॉफी, तेथली कंटाळलेली माणसे त्याला आतून माहीत होती. त्याच्या १९५१ च्या ‘शील्ड फॉर मर्डर’ या कादंबरीवर १९५४ मध्ये चित्रपट निघाला. एडमंड ओब्रायनने त्यात मुख्य भूमिका केली आणि दिग्दर्शनातही भाग घेतला. चित्रपट फार मोठा नाही, पण आजच्या विषयाला त्याच्याइतका चपखल दाखला दुसरा मिळणार नाही.

बार्नी नोलन हा बऱ्याच वर्षांच्या नोकरीचा डिटेक्टिव्ह. रात्रीच्या गल्लीत तो सट्टेवाल्याच्या एका माणसाला गोळी घालतो, त्याच्याजवळचे २५,००० डॉलर काढून घेतो, आणि मग पळणाऱ्या आरोपीला थांबवण्यासाठी गोळी झाडली असे सांगतो. वर्दीवर लोकांचा विश्वास असल्यामुळे ते खपते. त्याला हे पैसे कशासाठी हवे आहेत? शहराबाहेर नवी वसाहत होते आहे. तिच्यात गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी एक नमुन्याचे घर सजवून ठेवले आहे : स्वयंपाकघर, पडदे, सोफा, सगळे जिथल्या तिथे. आपल्या मैत्रिणीला तो हे घर दाखवायला नेतो आणि पैसे त्याच घराच्या मागे पुरून ठेवतो. बंधुभगिनींनो, हा राक्षसी लोभ नाही. सरकारी चाळीत आयुष्य काढलेल्या कोणाही माणसाला परसदारासह घर हवेसे वाटते. पोटापाण्यासाठी परगावी राहिलेल्या आपल्यासारख्या लोकांना तर हे समजावून सांगायलाच नको. मॅक्गिव्हर्नचे मर्म येथे आहे. खलनायकाची इच्छा त्याने वाचकाच्या इच्छेइतकी साधी ठेवली.

पण गल्लीवरच्या एका खिडकीतून सारा प्रकार एका मूकबधिर म्हाताऱ्याने पाहिलेला असतो. त्याला बोलता येत नाही, लिहिता येते. नोलन त्याच्याकडे जातो, झटापटीत तो म्हातारा मरतो, आणि त्याने लिहून ठेवलेला कागद नोलनच्याच हाताखाली तयार झालेल्या तरुण डिटेक्टिव्हला सापडतो. सट्टेवाल्याची माणसे पैशांसाठी पाठीस लागतात ती वेगळीच. अखेरीस पळून जाण्याची संधी असताना नोलन पुरलेले पैसे घ्यायला त्या नमुन्याच्या घरी परत येतो, आणि ज्या घरात त्याला राहायचे होते त्याच्या दारात त्याचेच सहकारी त्याला गोळ्या घालतात. नव्या पक्क्या रस्त्यावर, सारख्या सारख्या घरांच्या रांगेत, तो पडलेला दिसतो. त्याच वर्षीच्या ‘पुशओव्हर’ नावाच्या चित्रपटातही फ्रेड मॅकमरेने असाच डिटेक्टिव्ह रंगवला आहे. बँकेच्या दरोडेखोराच्या मैत्रिणीवर पाळत ठेवता ठेवता तो तिच्यावर आणि लुटीवर एकदमच भाळतो. शेवटी घायाळ पडल्यावर तो तिला म्हणतो की, आपल्याला त्या पैशांची खरे तर गरज नव्हती. वाइल्डच्या दहा गिनी येथे पुन्हा भेटतात.

येथवर सारे ठीक दिसते. पण या चित्रपटांतले हे सगळे लाचखाऊ अधिकारी न चुकता मरतात, याला साहित्यबाह्य कारणही होते. हॉलिवूडच्या निर्मात्यांनी १९३० साली एक आचारसंहिता मान्य केली होती आणि १९३४ पासून ती कडकपणे अमलात आली. गुन्हेगाराला पडद्यावर शिक्षा झालीच पाहिजे, प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्या बाजूला जाता कामा नये, असा तिचा रोख. ती १९६८ पर्यंत टिकली. म्हणजे नोलनला त्या घराच्या दारात कोणी मारले, याचे एक उत्तर ‘लोभाने’ असे असले, तरी दुसरे उत्तर ‘नियमावलीने’ असेही द्यावे लागते. न्यायदेवतेच्या तराजूवर सेन्सॉरचे बोट होते.

बोट उठल्यावर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जेम्स एल्रॉयची ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’ ही कादंबरी १९९० ची, आणि कर्टिस हॅन्सनचा तिच्यावरचा चित्रपट १९९७ चा. लॉस एंजेलिसमधील कॅप्टन डडली स्मिथ हा गोड बोलणारा, वडीलधारा वाटणारा अधिकारी. मिकी कोहेन हा टोळीनायक तुरुंगात गेल्यावर रिकामी झालेली गादी हा कॅप्टन स्वतः बळकावू पाहतो. चित्रपटात त्याचा घात होतो तो एका नावाने. जॅक व्हिन्सेन्स या सहकाऱ्याला तो आपल्या स्वयंपाकघरात, चहा करता करता, गोळी घालतो. मरताना जॅक एक नाव उच्चारतो. ते नाव कोणा माणसाचे नाहीच. दुसऱ्या एका तरुण अधिकाऱ्याने, एक्सलीने, आपल्या वडिलांच्या अज्ञात खुन्याला मनोमन दिलेले ते नाव, आणि ते त्याने फक्त जॅकला सांगितलेले. डडलीला मेलेल्या माणसाचा शेवटचा शब्दही आपल्या हिशेबाबाहेर राहिलेला चालत नाही. तो त्या नावाचा तपास एक्सलीवरच सोपवतो, आणि त्याच क्षणी फसतो. येथे लोभ पैशाचा उरलेला नाही. काहीही सुटू नये, सगळे मुठीत असावे, हा तो लोभ आहे. मला या सगळ्या परंपरेतला हा सर्वांत बारीक विणकामाचा प्रसंग वाटतो.

चित्रपटात एक्सली त्याला पाठीत गोळी घालून मारतो, आणि मग पोलीस खाते काय करते? डडली स्मिथ कर्तव्य बजावताना वीरगती पावला असे जाहीर करते. खात्याची अब्रू राहते. आणि एल्रॉयच्या मूळ कादंबरीत तर डडली मरतही नाही. ती संपते तेव्हा तो मोकळाच असतो. कादंबरीकाराने जे दिले नाही ते चित्रपटवाल्यांनी प्रेक्षकांना दिले. दोन्ही कलाकृती मला आवडतात, पण खरे कोण बोलले असे विचाराल तर माझे मत कादंबरीकडे झुकते.

याला आधार प्रत्यक्ष इतिहासाचा आहे. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यातील लाचखोरीची चौकशी करण्यासाठी १९७० साली नॅप आयोग नेमला गेला आणि १९७२ च्या अखेरीस त्याचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. त्या आयोगाने लाचखाऊ पोलिसांचे दोन वर्ग सांगितले, एक ‘मांस खाणारे’ आणि दुसरे ‘गवत खाणारे’. मांस खाणारे स्वतः शिकार शोधतात, मोठ्या रकमा मागतात. गवत खाणारे वाटेत समोर येईल तेवढे चरतात : फुकटचे जेवण, नाताळची भेट, दुकानदाराने हातात कोंबलेली नोट. आपल्याकडच्या भाषेत चिरीमिरी. आयोगाचा निष्कर्ष असा की, खरे दुखणे गवत खाणाऱ्यांचे आहे. त्यांची संख्या इतकी मोठी असते की लाच घेणे ही सभ्य गोष्ट होऊन बसते, आणि न घेणारा वेडा ठरतो. फ्रँक सर्पिको असा वेडा ठरला. १९७१ मध्ये एका छाप्यात त्याच्या तोंडावर गोळी लागली, तो वाचला, त्याने आयोगापुढे साक्ष दिली, आणि नंतर नोकरी सोडून काही वर्षे परदेशी राहिला. त्याच्यावर १९७३ साली पुस्तकही झाले आणि चित्रपटही.

आता लक्षात घ्या, गवत खाणाऱ्याचा नाश लोभाने होत नाही. तो समाधानी असतो. तो निवृत्त होतो, पेन्शन घेतो, नातवंडांत रमतो. आपल्या कथा मात्र सगळ्या मांस खाणाऱ्यांच्या आहेत. कालिदासाचे ते दोन रक्षक गवत खाणारे होते, म्हणून त्याने त्यांना शिक्षा न करता हसून सोडून दिले, आणि त्या हसण्यात एक कडू जाणीव असावी असे मला वाटते. अर्धे बक्षीस पुढे ठेवणारा कोळीही काही रडत ठेवत नाही. सुटकेच्या आनंदात आपण होऊन ठेवतो. रेल्वेच्या आरक्षणापासून पारपत्राच्या चौकशीपर्यंत, परप्रांतात घर मांडताना आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा त्या कोळ्याची भूमिका केलेली आहे. आपल्याला रहस्यकथेत डडली स्मिथ मेलेला आवडतो याचे एक कारण असेही असेल की, त्याच्या मरणाने आपल्या चिरीमिरीचा हिशेब कोणी विचारीत नाही.

मराठीपुरते थोडे बोलतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही त्यांची लाडकी माणसे सरकारी नोकर नव्हती; न्याय करायचा तर तो ठाण्याबाहेर उभे राहून, ही त्यांची तऱ्हा. ठाण्यातल्या खुर्चीत खलनायक बसवून त्याला आतून पोखरत न्यायचे, हे काम मराठीत रहस्यकथेने फारसे केलेले मला दिसत नाही. ते केले नाटकाने आणि कथेने. पुण्याचा कोतवाल घाशीराम १७९१ साली लोकांच्या दगडांखाली मेला. त्याच्यावर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच कादंबरी लिहिली आणि १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे नाटक आले. तेंडुलकरांचा घाशीराम कोतवाली मिळवतो ती अपमानाचा सूड घेण्यासाठी. पैसा तेथे दुय्यम आहे. पुढे श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून तेंडुलकरांनीच पटकथा लिहिली आणि १९८३ मध्ये गोविंद निहलानी यांनी ‘अर्धसत्य’ काढला. त्यातला अनंत वेलणकर लाच खात नाही. कोठडीत त्याच्या हातून एक माणूस मरतो, आणि नोकरी वाचवण्यासाठी त्याला रामा शेट्टीच्या दारात जावे लागते. शेट्टी त्याला विकत घ्यायला तयार असतो, किंमत रास्त असते. वेलणकर त्याचा गळा दाबतो आणि ठाण्यात जाऊन हजर होतो. ऑर्सन वेल्सच्या १९५८ सालच्या ‘टच ऑफ इव्हिल’मधला कॅप्टन क्विनलन खोटे पुरावे पेरतो, पण त्यानेही पैसा जमवलेला नसतो. भूक म्हणजे नेहमी पैशाचीच असते असे नाही, हे या दोन्ही कलाकृतींनी दाखवून दिले. मराठी लेखकाला लोभापेक्षा मान आणि अपमान यांचे बळ अधिक जाणवते, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

वेळ संपत आला आहे. एकाच चित्रपटाविषयी बोलून थांबतो. मॅक्गिव्हर्नच्याच कादंबरीवर फ्रिट्झ लांगने १९५३ मध्ये काढलेला ‘द बिग हीट’. आरंभीच एक पोलीस अधिकारी, टॉम डंकन, आपल्या टेबलाशी बसून स्वतःला गोळी घालतो. टोळीकडून त्याने पैसे घेतलेले असतात, आणि मरण्यापूर्वी सर्व काही सरकारी वकिलाला लिहून ठेवलेले असते. म्हणजे या माणसाला आपल्या लोभाचा पश्चात्ताप झाला आहे. पण ते पत्र पहिल्यांदा हातात पडते त्याच्या बायकोच्या. ती ते तिजोरीत ठेवते आणि टोळीच्या म्होरक्याकडून दर आठवड्याला पैसे घेऊ लागते. नवऱ्याचा हप्ता विधवेने वारसाहक्काने चालू ठेवला! ती मेली तर पत्र बाहेर पडेल, ही तिची विम्याची पॉलिसी.

सार्जंट बॅनियन या सगळ्याचा शोध घेतो. त्यात मोटारीत पेरलेल्या बाँबने त्याची बायको जाते. तो त्या विधवेचा गळाही धरतो, पण दाबत नाही. दाबू शकत नाही, कारण तो प्रामाणिक आहे. मग लोभ तिचा नाश करतो काय? तो काहीच करत नाही. ती आरामात आठवड्याचे पैसे मोजीत राहिली असती. तिला गोळी घालते डेबी नावाची, गुंडाच्या आसऱ्याला राहिलेली एक मुलगी, जिच्या तोंडावर त्या गुंडाने उकळती कॉफी फेकलेली असते. डेबी तिच्याकडे जाते तेव्हा दोघींच्याही अंगावर उंची मिंकचे कोट असतात. आपण दोघी एकाच पैशाच्या बहिणी, असे ती तिला सुनावते आणि मारते. पत्र बाहेर पडते, टोळी कोसळते, आणि डेबीही मरते. ज्याला आपण ‘लोभाने झालेला नाश’ म्हणतो, त्यासाठी या कथेत निदान दोन बायकांनी जीव दिला, आणि त्यांतली एक तर घरी स्वयंपाक करणारी, कशातच नसलेली होती.

शेवटच्या दृश्यात बॅनियन पुन्हा आपल्या खात्यातल्या टेबलाशी बसलेला दिसतो. टेलिफोन वाजतो, कोठेतरी नवा गुन्हा घडलेला असतो. तो टोपी घेतो, आणि बाहेर पडताना हाताखालच्या माणसाला कॉफी गरम ठेवायला सांगतो.